चार इकडे, चार तिकडे

आमच्या गणातली पंचायत समितीची जागा महिलेसाठी राखीव झाली, त्या दिवशी मी गिरणीत ज्वारी दळत होते. गावोगाव असते तशी ही पिठाची गिरणी आम्ही दोघं नवराबायको चालवतो. तालुक्यातले जुने पुढारी, ज्यांना लहानथोर सगळे मालक म्हणतात, ते दारात येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वहिनींचा फॉर्म भरायचाय. कागदपत्रं काढून ठेवा."

नवऱ्यानं मान हलवली. माझ्याकडं दोघांनीही बघितलं नाही. मी गिरणी बंद केली, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि म्हणाले, "मालक, उभी राहते. पण मतं मागायला मी जाणार. माझ्या बदल्यात हे जाणार न्हाईत."

मालक हसले. "जावा की! पाय दुखले तर सांगा म्हणजे झालं."

पाय दुखलेच. पण दारोदार फिरल्यामुळं मला एक गोष्ट कळली. रस्ता, पाणी, सगळं बोलून झालं की बाया मला आत बोलवायच्या आणि हळूच विचारायच्या, "उपकेंद्राचं काय?" शेजारच्या गावाच्या शिवेवर आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून, रंग देऊन तयार होती आणि दाराला कुलूप होतं. कारण एवढंच, की दारावरच्या कोनशिलेवर कुणाचं नाव वर घालायचं यावर दोन पक्षांचं भांडण मिटत नव्हतं. पोटुशी बाई साध्या तपासणीसाठी ऑटोत बसून तालुक्याला जायची. माझ्या धाकट्या जावेला सातव्या महिन्यात तसंच नेलं होतं. तिचे खड्ड्याखड्ड्याला आवळलेले ओठ मी बघितले होते.

निकाल लागला. मी निवडून आले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच मालकांच्या पक्षाला बहुमत मिळालं नाही. आठ जागा, चार इकडे, चार तिकडे.

दुसऱ्याच दिवशी दारात जीप उभी. सभापतीची निवड होईपर्यंत सदस्यांना सहलीला न्यायचं, म्हणजे कुणी फुटायला नको, ही आमच्याकडची रीतच होऊन बसलेली. बॅग भरायला सांगितल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "मी काय पळून जाणारं जनावर हाय का, दाव्याला बांधायला?"

"मालकांना राग येईल," तो म्हणाला.

"येऊ द्या. निवडीच्या दिवशी मी पक्षालाच मत देणार. तसं त्यांना सांगा."

जीप मला न घेताच गेली.

त्या आठवड्यात एका दुपारी शेजारच्या गणातून निवडून आलेली समोरच्या पक्षाची सदस्य गिरणीत आली. वयानं माझ्याहून बरीच लहान, कडेवर पाच महिन्यांची लेक. तिच्या पक्षाकडून सभापतिपदासाठी तिचंच नाव होतं. पोर अंगावर पिणारी, म्हणून तीही सहलीला गेली नव्हती. मला वाटलं, ही मला फोडायला आली. मी आधीच सांगून टाकलं, "बाई, माझं मत मिळणार न्हाई."

"मत मागायला न्हाई आले, अक्का," ती पोत्यावर टेकत म्हणाली. "मी झाले तरी, तुमचा माणूस झाला तरी, पहिल्या बैठकीत उपकेंद्राचा विषय काढायचा. तुम्ही साथ देता का, एवढंच विचारायला आले."

"आणि कोनशिला?"

"बसवायचीच न्हाई."

मला हे आधी सुचलं नव्हतं, याचं हसू आलं. मी तिला चहा दिला. पोरगी तोवर माझ्या मांडीवर झोपून गेली.

निवडीच्या दिवशी हात वर करून मतदान झालं. मी शब्द दिल्याप्रमाणे आमच्या उमेदवारासाठी हात वर केला. चार-चार मतं पडली, म्हणून चिठ्ठी टाकली. जवळच्या अंगणवाडीतल्या एका चिमुरडीनं चिठ्ठी काढली, अधिकाऱ्यांनी त्या लेकुरवाळीचं नाव वाचलं, आणि सत्ता समोरच्या पक्षाकडं गेली. मालक तडक गाडीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शब्द पाळला, आता उपकेंद्राचं बोलायला मोकळी झाले, असंही वाटलं.

पहिल्या बैठकीला आम्ही बायका खुर्च्यांवर आणि आमचे नवरे आमच्याच मागं दाटीनं बसले होते. सभापतीबाई उठली. आधी स्वतःची लेक नवऱ्याच्या हातात दिली, मग म्हणाली, "सदस्य सोडून बाकीच्यांनी बाहेर बसावं." तिचा नवरा पोर सांभाळत बाहेर निघाला. ते बघून माझाही उठला.

मी उपकेंद्राचा विषय मांडला. कोनशिला नको, उद्घाटन नको, फक्त दार उघडा आणि नर्स द्या. माझ्या शेजारचे आमच्याच पक्षाचे सदस्य कुजबुजले, "वहिनी, मालकांना विचारलंत का?"

"तपासणीला मालक जाणार न्हाईत, आपल्या बाया जाणार," मी जरा मोठ्यानंच बोलून गेले.

कुणीतरी हसलं. त्या सदस्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हात वर केला. मग आमचे उरलेले दोघंही. आठही हात वर होते.

परतताना मी सरळ मालकांच्या घरी गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

"मला आधी सांगायचं व्हतं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणाला असता."

"हाव. म्हणालो असतो," ते म्हणाले. आणि मला बसायला सांगितलं.

नुसता मंजूर करून ठराव पुढं सरकत नाही, हे मग कळलं. सभापतीबाई आणि मी एकाच एसटीनं तीनदा नांदेडला जिल्हा परिषदेत गेलो. बाकड्यावर बसून वाट बघायची, आळीपाळीनं पोरगी घ्यायची. तिसऱ्या खेपेला आरोग्य खात्याच्या साहेबांनी नर्सची ऑर्डर हातात दिली.

एका सोमवारी सकाळी नर्सबाई आल्या, दार उघडलं, खोल्या झाडून घेतल्या. फीत नव्हती, भाषण नव्हतं. आम्ही दोघींनी बादल्यांनी पाणी आणून फरशी पुसली. दहाच्या सुमाराला वरच्या वस्तीवरून एक पोरगेली बाई सासूबरोबर चालत आली. नर्सनं तिला पलंगावर निजवलं आणि पोटावर हात ठेवून सांगितलं, "बाळ चांगलं फिरतंय की." सासूनं बाहेर येऊन आम्हाला विचारलं, "पुढच्या महिन्यातबी उघडं असतंय का?"

"रोज असणार," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.