आज कितीवर आहेस?

कवळ्या बनवणं हे काही कुणाच्या डोळ्यांत भरणारं काम नाही. दातांचा डॉक्टर ठसा पाठवतो, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्या उभ्या करायच्या, एकेक दात चिमट्याने बसवायचा आणि शेवटी घासून घासून असं चकचकीत करायचं की म्हातारा आरशात बघून लाजला पाहिजे. ही बाई सतरा वर्षं तेच करत होती. हात इतका साफ, की लॅबचा मालक अवघड तोंडं तिच्याच टेबलाकडे ढकलायचा. तिच्या बापाच्या तोंडातली कवळीही तिनेच केलेली. बाप निवृत्त मास्तर. ती कवळी घालून तो गल्लीभर हसत फिरायचा आणि लोक म्हणायचे, काय हो मास्तर, हसू कसं अगदी लहान मुलासारखं!

या मास्तरचं घरातलं शिकवणं निराळं होतं. पाढा चुकला की न्हाणीघर. काठोकाठ भरलेली बादली, मानेवर हात आणि डोकं आत. किती वेळ, ते मास्तरच्या मर्जीवर. वळ नाही, रक्त नाही, शेजारणीला दाखवायला काही म्हणून काही नाही. थोरला भाऊ हुशार, त्याचे पाढे कधी चुकले नाहीत. तो बाहेरच्या खोलीत बसून मोठमोठ्याने धडे वाचायचा. बापाने तसं बजावलंच होतं, आतला आवाज बाहेर जायला नको म्हणून. पोरवयात त्याने करायचं तरी काय, असं म्हणणारे म्हणोत बापडे. पण ते पोर आता पंचेचाळीस वर्षांचं झालंय, त्याचं काय?

तिचं मन पुढे धड राहिलं नाही. कधी महिना महिना अंथरूण सुटायचं नाही, तर कधी अशी उधळायची की विचारू नका. चार वर्षांपूर्वी ती तीन दिवस लॅबमधून हललीच नाही. कुणाचाही ठसा नसताना एकवीस कवळ्या करून ठेवल्या आणि मालक प्लास्टरमध्ये विष कालवतो म्हणून आरडाओरडा केला. भाऊच तेव्हा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि तिथल्या एका ओळखीच्या बाईने तिला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं.

घरच्याच माणसांच्या हातून सोसलेली आणि मनाचा तोल कधी इकडे तर कधी तिकडे जाणारी अशी अडतीस माणसं त्यात होती. चेहरे नाहीत, खरी नावं नाहीत. हिला सगळे कवळीताई म्हणत. ग्रुप चालवायच्या त्या एक निवृत्त नर्सबाई. रोज सकाळी कामाला लागायच्या आत त्या विचारायच्या, ‘आज कितीवर आहेस?’ मग ज्याने त्याने एक ते दहामधला आकडा टाकायचा. तीनच्या खाली गेलात तर नर्सबाईंचा फोन तुम्हाला. आठच्या वर गेलात तर फोन तुमच्या घरच्या माणसाला, ज्याचा नंबर तुम्हीच दिलेला असतो. कारण एका मुलाने एकदा दहा लिहिलं होतं, सोबत फुलं टाकली होती, आणि दुपारी गच्चीवरून उडी घेतली होती. तेव्हापासून या लोकांना रडण्यापेक्षा आनंदाची धास्ती जास्त.

अशा फोनवर घरच्यांशी काय बोलायचं, तो मजकूर सगळ्यांनी मिळून ठरवला होता. त्यातलं शेवटचं वाक्य हिचं. त्या विषाच्या आरोपाची तिला मेल्याहून मेल्यासारखं होण्याइतकी लाज होती, म्हणून तिनेच सुचवलं, ‘अशा वेळी ती जे काही बोलेल ते मनावर घेऊ नका.’ सगळ्यांना ते फार आवडलं होतं. आणि घरचं माणूस म्हणून तिने भावाचाच नंबर दिला. दुसरं होतं कोण तिला?

भावाची मुलगी आठ वर्षांची. तोंड म्हणून बंद नाही, जेवताना बोलेल, दात घासताना बोलेल, झोपेतसुद्धा बोलेल. पाढ्यांचा मात्र आनंदीआनंद. शाळेला सुट्टी लागली तसं भावाने ठरवून टाकलं, “महिनाभर बाबांकडे ठेवू. ते पाढे पक्के करून घेतील.”

हे कानावर पडलं त्या दिवशी हिच्या चिमट्यातून एक दात तीनदा खाली पडला. ग्रुप सोडला तर तिने आजवर कुणापाशी ब्र काढला नव्हता. संध्याकाळी भाऊ घरी नाही असं बघून ती गेली आणि वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. न्हाणीघर, बादली, मानेवरचा हात, सगळं सांगितलं. वहिनीने गॅस बंद केला.

“आणि हे कुठे असायचे तेव्हा?”

“दादा बाहेर धडा वाचायचा.”

वहिनी उठली. मुलीची भरलेली बॅग तिने पलंगावर उपडी केली. “माझ्या पोरीला कोण नेतो तेच बघते मी. ताई, तुम्ही निर्धास्त राहा.”

ही घरी आली ती तरंगतच. रात्रभर डोळा लागला नाही, आणि तो का लागावा हो? पोर वाचली होती. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या सांगण्याचा कुणाला तरी उपयोग झाला होता. सकाळी नर्सबाईंनी विचारलं आणि हिने लिहिलं, ‘नऊ!’

भल्या बाई त्या नर्सबाई. पाच मिनिटांत त्यांनी भावाला फोन लावला. भावाने स्पीकर चालू केला आणि बायकोला शेजारी बसवलं. नर्सबाईंनी सगळा मजकूर प्रेमाने वाचून दाखवला, शेवटच्या वाक्यासकट.

दुपारी वहिनीचा लॅबमध्ये फोन आला. “ताई, तुमच्याच ग्रुपच्या बाई म्हणाल्या हो तसं. मी काय करू? ते विषाचंही तुम्ही असंच रडून रडून सांगितलं होतंत.”

तिने नर्सबाईंना फोन लावला. “त्यांना सांगा ना मी खरं बोलतेय! तुम्हाला माहितीये सगळं, चार वर्षं ऐकताय तुम्ही!”

“माहितीये गं. काल झोपलीस किती?”

“नाही झोपले. पण ते आनंदाने...”

“बघ बरं. आवाज किती चढलाय तुझा. आकडा खाली येऊ दे, मग मी स्वतः बोलेन त्यांच्याशी.”

“अहो, तोवर पोरीला नेतील!”

“शांत हो बाळा. गोळी घेतलीस का?”

मग तिने ग्रुपवर ओरडून निरोप टाकले, एकामागून एक सहा. नियमच होता, वर गेलेल्या माणसामुळे बाकीच्यांना त्रास होतो. तिचं लिहिणं आठवडाभर बंद केलं. लाल बदाम मात्र सगळ्यांनी पाठवले. संध्याकाळी भाऊ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि गोळ्या वाढल्या.

दोन दिवसांनी मास्तर नातीला न्यायला आला तेव्हा ही तिथेच होती. जीभ जड, डोळे मिटत होते, तरी उठून तिने बॅग घट्ट धरली. भावाने एकेक बोट सोडवलं. “बघ, परत सुरू झालं हिचं,” तो बायकोला म्हणाला. वहिनीने खाली बघितलं. मास्तरने लेकीनेच केलेल्या दातांनी छान हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला, “माझा काही राग नाही हो तुझ्यावर.”

आठवड्याने तिने ग्रुपवर पाच लिहिलं. अभिनंदनाचा पाऊस पडला. नर्सबाई म्हणाल्या, “आता बोलू का तुझ्या भावाशी?” तिने लिहिलं, ‘बोला.’ त्या बोलल्याही. भाऊ म्हणाला, “अहो, पोरगी तिकडे मजेत आहे, कशाला जुनं उकरता?” त्यांनी ते जसंच्या तसं कळवलं आणि विषय मिटला.

सुट्टी संपल्यावर ही भावाकडे गेली. वहिनीने चहा टाकला. नजर चुकवत, पण खुशीत होती. “तीसपर्यंत पाढे पाठ झाले बघा. आणि वळण तर असं लागलंय, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.”

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. ती परवानगी मागून पाणी प्यायली. वहिनी आत गेल्यावर ती आत्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “आत्या, तू आईला सांगितलं होतंस ना? मी दाराआडून ऐकलं होतं सगळं. मग तरी मला का पाठवलं?”

आत्याने तोंड उघडलं. त्या दिवशी आपल्याला फार आनंद झाला होता म्हणून, हे आठ वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं, ते तिला काही केल्या सुचेना.