चिंचेनंतर काय?

"हां, मग पुढे?" एवढं म्हणून आमचे भूल देणारे डॉक्टर पेशंटच्या उशाशी स्टूल ओढून बसायचे. पेशंटने काहीही सांगावं, गावची जत्रा नाहीतर सुनेचं गाऱ्हाणं. सांगता सांगता तो झोपला की सर त्याचा शेवटचा शब्द शाळेच्या वहीत टिपायचे. शुद्धीवर आल्यावर पुन्हा तेच, "हां, मग पुढे?" धागा जुळला की स्वारी दिवसभर खुशीत.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या हॉस्पिटलात नव्वदच्या दशकात हृदयाची ऑपरेशनं नुकती सुरू झाली होती. मी थिएटरची सिस्टर. सरांच्या वहीत दोन रकाने होते, 'सुई' आणि 'गॅस'. शिरेतून दिलेली भूल बरी की हुंगवलेली, यावर ते चहा गार होईपर्यंत वाद घालायचे, बहुधा स्वतःशीच. "गॅसवाला लवकर उठतो, पण दमलेल्या हृदयाला गॅस आणखी दमवतो. सुई हृदयाला जपते, पण माणसाला लवकर सोडत नाही." निकाल कधी लागला नाही. उत्तरापेक्षा प्रश्नच लाडका असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एकदा कोळीवाड्यातल्या एक मावशी आल्या. झडप खराब, हृदय पार थकलेलं. सरांनी सुई निवडली. मावशी खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण सांगायला लागल्या. "चिचेचा कोल घातला, आन् मंग..." आणि झोपल्या.

ऑपरेशन छान झालं. पण दुसरी दुपार उलटली तरी मावशी डोळे उघडेनात. सर जेवले नाहीत, डोंबिवलीला घरी गेले नाहीत. "सिस्टर, गॅस द्यायला हवा होता का हो?" म्हणत त्यांनी वही पुन्हा उघडली.

संध्याकाळी मावशी जाग्या झाल्या. घशातली नळी निघाली तसे सर वाकले. "हां मावशी, चिंचेचा कोळ घातला. मग पुढे?"

मावशींनी त्यांना नीट न्याहाळलं. "त्ये तुला नाय सांगनार. बायकोला धाड तुझ्या."

सर इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. वहीत लिहिलं, 'सुई. उशिरा आल्या, पण अख्ख्या आल्या.'

मावशी हिंडूफिरू लागल्यावर सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, खरंच कोळीवाड्यात जाऊन शिकून आल्या. मग कालवणाचा डबा आमच्याकडेही यायचा. सर बोटं चाटत म्हणायचे, "घरात गुपित आणि मला पत्ता नाही!"

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. परवा वहिनी डबा घेऊन भेटायला आल्या, तेव्हा मला राहवलं नाही. "वहिनी, चिंचेनंतर काय हो?"

वहिनी हसल्या. "अहो, ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला कसं सांगू?"