बसवालीच्या काचा

सगळी गल्ली तिला बसवालीच म्हणायची. उभं आयुष्य तिने बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. रिकामं बसणं काही तिच्या रक्तात नव्हतं. म्हणून तिने आपल्याच बसची हातभर लांबीची प्रतिकृती करायला घेतली. ती कॅन्टीनमध्ये ठेवायचं डेपोवाल्यांनी कबूल केलं, तेव्हा तर बाईंना दहा हत्तींचं बळ आलं.

सांगाडा जमला, रंगही जमला. उरल्या काचा. पारदर्शक प्लास्टिकच्या त्या काचा तिने झटपट चिकटणाऱ्या गोंदाने धडाधड बसवल्या आणि चहा प्यायला गेली. परत येऊन बघते तो काय, गोंदाच्या वाफेने पुढची काच पांढरीफटक!

भावजय आपल्या दुकानात पुस्तकबांधणीचं काम करायची. ती दारातूनच म्हणाली, "वन्सं, धुक्यात गाडी काढलीत होय?"

"हसा, हसा! तुमचं काय जातंय?" बसवालीने बस उचलून कपाटावर टाकली. दोघींचं सख्य तसं विळ्या-भोपळ्याचंच.

दोन दिवस बाई धुमसत होत्या. शेवटी भावजयीनेच बस खाली काढली आणि शेजारी आपली गोंदाची बाटली ठेवली. "हा लावून बघा. आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर."

"पांढरा गोंद? आधीच काय कमी पांढरं झालंय?"

"वाळला की दिसेनासा होतो. आणि याच्या वाफेने काच धुरकटत नाही."

तुकड्यावर बघितलं तर खरंच तसं झालं. मग बसवालीने काच अलगद सोडवली, टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासघासून लख्ख केली. टूथपिकने कडेला गोंदाची बारीक रेघ ओढली, काच बसवली, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने टिपला. आता वाट बघायची. तेवढं सोडून बोला! तिचा हात सारखा पुढे जायचा.

"हात लावाल तर खबरदार!" भावजय समोर खुर्ची ओढून पहाऱ्यालाच बसली. बसल्याबसल्या बोलणं निघालं.

"तुमची बस आमच्या दुकानावरून जायची ना, तेव्हा मी गिऱ्हाइकांना सांगायचे, ती बघा माझी नणंद."

बसवाली बघतच राहिली. "मला कधी बोलला नाहीत ते!"

"तुम्ही थांबत होतात कुठे?"

सकाळी काच अशी नितळ दिसली, की आतलं इवलंसं स्टिअरिंगही नजरेत भरलं. बस कॅन्टीनमध्ये गेली. डेपोवाल्यांनी लगेच जुन्या दुमजली बसचीही मागणी केली.

"दुमजली म्हणजे काचाच काचा," बसवाली म्हणाली. "वहिनी, एकटीने नाही जमायचं मला."

भावजय तेव्हा बाटलीत गोंद भरतच होती.