गोधडीचा घास

जेवून उठलं की केरबाच्या पापण्या अशा जड होतात, की उचलायला दोन गडी लावावे. आज मात्र झोप चाळवतेय. टीव्हीवर सकाळपासून तेच: लांब उत्तरेला, डोंगरात, भूकंपानं गावंच्या गावं आडवी झालीत आणि वरून बर्फ पडतोय. पांघरुणं गोळा करायला आता टेम्पो येईल. पुतण्यानं आणलेलं ब्लँकेट केरबानं काढून ठेवलंय. इतकं विरळ, की तोंडावर घेऊन आरामात पेपर वाचावा. जाड गोधडी मात्र स्वतःच्या अंगावर. त्याची बायको हौसा गेली, तिच्या हातची ही एवढी राहिली.

पोटात पिठलं, वर पत्रा, अंगावर ऊब. डोळा लागतो न लागतो तोच पायाशी कोणीतरी बसतं.

"सरका की वाईच."

हौसाच. दातांत दोरा, हातात सुई.

"तू तर मेलीयास," केरबा म्हणतो.

"म्हून काय पाय दुखायचं ऱ्हात्यात व्हय?"

तो सरकतो. बाज हलते आणि उसाच्या फडातून निघते. म्हशी अदबीनं वाट देतात. ऊस संपतो तिथं बर्फ आहे. उतारावर एका घराचं नुसतं दार उभं आहे, भिंती नाहीत. केरबा रीत म्हणून कडी वाजवतो. आत चुलीपाशी पोराला पदराखाली घेतलेली एक बाई. काय बोलते ते त्याला सगळं कळतं; स्वप्नात दुभाषा लागत नाही.

"हितं भिंत हुती," ती दाखवते. "हितं खुंटी."

केरबाला आपल्या खोलीतली खुंटी आठवते. जन्मभर सदरा अडकवला, पण तिच्याकडं कधी बघितलं म्हणून नाही.

"द्या की तिला," हौसा गोधडी ओढते.

"ब्लँकेट देतोय न्हवं."

"त्यातनं पेपर वाचायचाय का तिनं?"

"तुझ्या हातची हाय गं. दुसरं काय ऱ्हायलंय माझ्यापाशी?"

हौसा दातानं गोधडीचा कोपरा उसवते. त्यांच्या घरची रीत अशी: गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवायचा, म्हणजे पांघरणारा उपाशी झोपत नाही. तो तुकडा काढून ती केरबाच्या मुठीत कोंबते.

"एवढं माझं ठिवा. तिला ताजा घास घालून धाडा."

"मला कुठं शिवता येतंय?"

"वाकडं शिवा. बर्फाला काय कळतंय?"

हॉर्न वाजतो. केरबा उठून बसतो. चारी भिंती जागच्या जागी, खुंटीवर सदरा. गोधडीचा कोपरा उसवलेला.

"थांब रं, आलो!" तो ओरडतो. मुठीत काहीतरी टोचतंय, ते न बघताच खिशात टाकतो. टोपलीतली भाकरी मोडून कोपऱ्यात घालतो आणि असे नागमोडी टाके मारतो, की बैल चालता चालता मुतलाय म्हणावं. गोधडी टेम्पोत चढते.

मग तो ते विरळ ब्लँकेट पांघरून बाजेवर बसतो आणि खिसा चाचपतो. भाकरीचा तुकडा. वाळून खडखडीत, आणि एका अंगानं काळा.

"करपवलीसच," केरबा खुंटीकडं बघून हसतो.