बॉयलरच्या भोंग्याचं साऊंड कार्ड

पांडेसऱ्यातल्या ज्या डाइंग मिलमध्ये वडील बॉयलरवर कोळसा टाकतात, तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. बॉयलरच्या कॉम्प्युटरला पडदा नाही की माऊस नाही, नुसता डबा. आत लिनक्स. वाफेचा दाब वाढला की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. भोंगा ऐकला की सगळ्यांनी गेटकडे पळायचं.

श्रावणात कानबाई देवीच्या रविवारी ज्या खानदेशी मंडळींना सुट्टी मिळाली नाही, त्यांनी मिलमध्येच भोंग्यावर तिची गाणी लावली. सोमवारी सकाळी मी मिलच्या ऑफिसात बसून लॅपटॉपवरून त्या डब्यात शिरलो आणि सहज भोंगा वाजवून पाहिला. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर सगळं बिनचूक. बाहेर चिडीचूप. बॉयलर पेटलेला होता आणि वडील त्याच्यापुढे उभे होते.

आमच्या शेजारचे काका तिथेच कपडा रंगवण्याच्या मशीनवर असतात. त्यांना फोन लावला.

"कानबाईना गाणासाठे साऊंडनी डबी लायेल व्हती," ते म्हणाले. "सकाळे काढी लिधी, कॉम्प्युटर बंद करीसन चालू करं. बिघडनं का काही?"

देवीच्या नावाखाली आमचे लोक काय वाट्टेल त्यात हात घालतात. पण चिडायलाही वेळ नव्हता. "बघतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

कार्डांची यादी मागवली. ती डबी म्हणजे जादाचं साऊंड कार्ड; ते काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना कार्डांचे क्रमांक उलटसुलट झाले होते. भोंग्याचा आवाज पडद्यातल्या स्पीकरसाठीच्या कार्डाकडे जात होता, आणि पडदा तर नव्हताच. सेटिंगमधला नंबर काढून टाकला, त्याजागी भोंग्याच्या कार्डाचं नाव लिहिलं. पुन्हा वाजवलं. तरी शांतता. साधी आज्ञा दोनदा चुकली. आत्ताच दाब वाढला तर? हा एकच विचार डोक्यात.

शेवटी आवाजाचं पान उघडलं. हिरवा खांब शंभरावर, पण खाली एमएम, म्हणजे तोंड बंद. सेटिंग साठवलेलं नसलं की कॉम्प्युटर सुरू होताना कार्ड असंच मुकं बसतं, हे मला पाठ होतं आणि भीतीनं नेमकं तेच विसरलो होतो. एम दाबला, सेटिंग साठवलं, भोंगा चालू केला.

काचा हादरल्या. ही चाचणी आहे हे कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं. माणसं हातातलं टाकून गेटकडे धावली, काका सगळ्यांत पुढे. मला हसू आलं, सुटलो असं वाटलं. मग त्या गर्दीत वडील दिसेनात.

मी उलटा बॉयलरकडे पळालो. भोंगा डोक्यावर कोकलत होता आणि वडील त्याच्याखाली, एका लयीत, कोळसा टाकत होते. खांद्यावर हात ठेवला तसे दचकून वळले.

"कव्हय उना रे?" केव्हा आलास, एवढंच त्यांनी विचारलं; भोंग्याचं नावही नाही.