उसाच्या पलीकडे कोण होतं?

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेआठला मी मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर उभी होते. मुलांची स्कूल व्हॅन यायची होती. तेवढ्यात वॉचमन काका धावत आले... "मॅडम, उसात काहीतरी शिरलंय. मोठं आहे."

सोसायटीच्या भिंतीला लागून एकरभर ऊस आहे. आजूबाजूला सगळे टॉवर उभे राहिले, तेवढाच एक तुकडा उरलाय. ऊस हलत होता आणि वारा अजिबात नव्हता.

दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिबट्या आला. आमच्याकडे उसात बिबट्या म्हटलं की कोणी हसत नाही. मुलांना परत वर पाठवलं. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे वन विभागाला फोन मीच लावला.

पलीकडचा माणूस शांत होता. "टीमला पोहोचायला तासभर लागेल. गर्दी करू नका. आणि आत काहीही असलं तरी कोणीही गोळी झाडायची नाही. गुन्हा आहे."

तासभर! तोवर गेटबाहेर निम्मी सोसायटी जमली होती. ऊस आता अगदी आमच्या बाजूला हलायला लागला होता... आणि कोणीतरी म्हणालं, "अप्पांकडे बंदूक आहे की."

अप्पा म्हणजे त्या उसाचे मालक. वय पंचाहत्तरच्या पुढे. पिकाच्या राखणीसाठी फार पूर्वी लायसन्स काढून घेतलेली बारा बोअरची बंदूक त्यांच्याकडे अजून आहे.

आता खरं ते सांगते. भरवस्तीत बंदूक नको, असा अर्ज सहा महिन्यांपूर्वी पोलिसांकडे मीच दिला होता. आणि त्या दिवशी अप्पांच्या दारात धावत गेले तीही मीच. "अहो अप्पा, चला लवकर... बंदूक घ्या!"

त्यांनी माझ्याकडे एकदा नुसतं बघितलं. अर्जाचा विषय काढला नाही. आत गेले, बंदूक घेऊन आले आणि बांधावर उभं राहून ती मधून उघडून दोन काडतुसं भरली. बंदूक मिटल्याचा खट्ट आवाज झाला.

मागून लोक ओरडायला लागले. "मारा अप्पा, मारा!" मीही ओरडले... हे लिहिताना लाज वाटतेय, पण ओरडले.

ऊस पंधरा पावलांवर हलत होता. अप्पांनी बंदूक खांद्याला लावली. मी त्यांच्या मागेच होते, त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता. मी कानांवर हात ठेवले.

बार झालाच नाही. अप्पांनी नळी खाली केली आणि मान न वळवता विचारलं, "ताई, पलीकडं कोण हाय?"

"कोणी नाही अप्पा. ऊसच आहे."

"उसाच्या पलीकडं म्हणतोय मी."

मग तेच म्हणाले, "नर्सरी हाय. हिरव्या जाळीखाली बाया बसल्यात, रोपं भरत. छर्रा पसरत जातो ताई. ऊस म्हंजे काय भिंत न्हाई."

त्या नर्सरीतून मी दर महिन्याला कुंड्या आणते. मला त्या बायकांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा घाबरला." आमच्याच बिल्डिंगमधले एक गृहस्थ पुढे आले, "द्या इकडे, मी मारतो," म्हणत त्यांनी थेट नळीलाच हात घातला. अप्पांनी एका हिसक्यात बंदूक सोडवली, मधून उघडली, दोन्ही काडतुसं काढली आणि माझ्या हातात कोंबली. "घट्ट धरा. कुणाला देऊ नका."

मी मूठ आवळली... आणि त्याच क्षणी ऊस बाजूला झाला.

चिंकारा होती, लहानखुरं हरीण. मादी. काठीसारखे पाय, धपापणाऱ्या बरगड्या, आणि आमच्याकडे लागलेले ते डोळे. कुठल्या माळावरून वाट चुकून आली होती, कोण जाणे.

मोबाईल वर यायला लागले. अप्पा हळू आवाजात म्हणाले, "मागं सरा. सगळी मागं सरा."

वन विभागाची टीम आली. बेशुद्ध करायची बंदूक गाडीत होती, पण त्यांनी ती बाहेरही काढली नाही. हरीण नुसत्या धसक्यानेही मरतं, म्हणाले. आम्हाला सगळ्यांना आत पाठवलं आणि कालव्याकडची वाट मोकळी केली. अर्ध्या तासाने ती निघून गेली.

गडबड ऐकून नर्सरीतल्या बायका हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं वं?" विचारत होत्या. मी मोजल्या... आठ होत्या.

अप्पा बांधावर बसले होते. काडतुसं परत देताना माझी बोटं लवकर उघडेनात.

ते म्हणाले, "हितं आता बंदुकीला जागाच न्हाई राहिली ताई. कुठंबी नेम धरा, म्होरं माणूसच."

त्या सकाळी जमलेल्या सगळ्यांमध्ये बंदूक एकाच्याच हातात होती, आणि भानही त्या एकालाच होतं. अप्पांनी माझं ऐकलं नाही, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.