यादोरावकाकांचा मोठा गळ

यादोरावकाकांचा जपून ठेवलेला मोठा गळ मी त्यांच्या साडूला, कारध्याच्या नंदलालला, देऊन बसलो. त्याने गोड बोलून मागितला आणि मी खुंटीवरून काढून दिला. अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा होता.

काका भंडाऱ्याचे विणकर. सुतापेक्षा गळ जास्त पारखायचे. आमिषाची बकऱ्याची कलेजी पळसाच्या पानात गुंडाळून थेट गळांच्या दुकानात न्यायचे आणि तिथेच गळाला ओवून बघायचे. कलेजी लहान गळाचं टोक झाकून टाकते, मग मासा ती खाऊन निघून जातो. म्हणून गळ रुंद हवा, टोक मांसाबाहेर हवं. दुकानदार नाक दाबून उभा राही.

त्याच गळावर नंदलालने वैनगंगेत हातभर शिंगाळा मासा धरला.

"माह्या बहिणीचा नवरा हाये तो!" गोदावरीकाकू कौतुकाने म्हणाल्या.

"गळ कोनाचा होता, ते बी सांग ना."

"तुमचा. पण तो तं वरीसभर खुटीलेच लटकून होता!"

काकूंच्या बहिणीने, सुलोचनाबाईंनी, वाटीभर रस्सा पाठवला. "मसाला कच्चाच हाय," म्हणत काकांनी दोनदा भात घेतला.

आमच्याकडे आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. काकू वाटीत भजी भरू लागल्या, तर काकांनी त्यांचा हात धरला. "भजे कायले? याहून मोठ्या मासोळीचा रस्सा जाईल त्यात."

गळ परत आला. काका आजही कलेजी घेऊन नदीवर जातात. सुलोचनाबाईंची वाटी मात्र अजून आमच्याच फळीवर आहे.